उड्डाणांचे वेळापत्रक भरताना सुरुवात कट-ऑफपासून करा

मालवाहतुकीचे सॉफ्टवेअर नव्याने बसवलेल्या कार्यालयांमधून एक तक्रार वारंवार येते. “उड्डाणांची वेळापत्रके भरली, स्क्रीनवर ती दिसतात, तरीही सॉफ्टवेअर भलतेच विमान सुचवते” किंवा “सुचवलेल्या विमानात माल पोहोचतच नाही.” विचारणारे निरनिराळे असतात. अंधेरीतला फॉरवर्डर असतो, नाशिकहून भाजीपाला पाठवणारा निर्यातदार असतो, चाकणच्या कारखान्यातला लॉजिस्टिक्स विभाग असतो. कोणी एसएपी टीएम वापरते, कोणी ओरॅकल, कोणी कार्गोवाइज, तर कोणी स्थानिक कंपनीकडून बनवून घेतलेले सॉफ्टवेअर. पडदे आणि बटणे वेगळी असली तरी चुका मात्र त्याच असतात.

त्यातली सर्वांत मोठी चूक अशी की आपण वेळापत्रक भरताना विमान सुटण्याच्या वेळेपासून सुरुवात करतो. प्रवाशासाठी ते ठीक आहे. मालासाठी टर्मिनलवर माल स्वीकारणे कधी बंद होते, ती वेळ, म्हणजे कट-ऑफ, खरी. विमान पहाटे सुटत असेल, पण तुमच्या पेट्यांसाठी ते आदल्या संध्याकाळीच सुटलेले असते. हे सॉफ्टवेअरला नीट सांगितले नाही, तर बाकीचे सगळे रकाने अचूक भरूनही उपयोग होत नाही.

आधी ठरवा: किती उड्डाणे आणि कोणत्या मार्गाने भरायची

पहिल्याच दिवशी मुंबईहून निघणारी सगळी उड्डाणे भरायला बसू नका. गेल्या सहा महिन्यांची एअरवे बिले काढा आणि तुमचा माल प्रत्यक्षात कोणकोणत्या उड्डाणांनी गेला त्याची यादी करा. बहुतेक कार्यालयांत ही यादी वाटते त्यापेक्षा लहान निघते. तेवढीच भरा. तुमच्यापुढे साधारण चार पर्याय असतात:

- हाताने भरणे. आठवड्याला दहा-पंधरा उड्डाणे असतील तर हेच उत्तम. भरताना प्रत्येक रकाना डोळ्यांखालून जातो.
- एक्सेलमधून चढवणे. उड्डाणे वीस-पंचविसाच्या पुढे गेली की सोयीचे. मात्र एक्सेल स्वतःच काही घोटाळे करते, त्याविषयी पुढे सांगतो.
- वेळापत्रकांची सेवा विकत घेणे. ओएजी, सिरियम यांसारख्या कंपन्या जगभरातल्या उड्डाणांची माहिती पुरवतात आणि ती आपोआप सॉफ्टवेअरमध्ये येते. अनेक देशांतून अनेक विमान कंपन्यांमार्फत माल हलवणाऱ्यांनी हा खर्च करावा. पण या माहितीत तुमचा कट-ऑफ नसतो. तो तुम्हालाच जोडावा लागतो.
- वेळापत्रक न ठेवणे. महिन्याला पाच-सहा खेपाच असतील तर थेट विमान कंपनीकडून बुकिंग घ्या आणि मिळालेली उड्डाणाची माहिती त्या खेपेपुरती नोंदवा. सॉफ्टवेअर विकणारे हा पर्याय सहसा सुचवत नाहीत, पण लहान निर्यातदारासाठी तो पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा असतो.

साचा वेगळा, उड्डाण वेगळे

“सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे २:५०” हा झाला साचा. “सोमवार, ६ एप्रिलची पहाट” हे झाले प्रत्यक्ष उड्डाण. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आधी साचा भरायचा असतो आणि मग त्यातून तारखेनिशी उड्डाणे तयार करून घ्यायची असतात. साचा भरून थांबलात तर नियोजनाला काहीच सापडत नाही. “वेळापत्रक आहे पण विमान दिसत नाही” या तक्रारींमागे बऱ्याचदा एवढेच कारण असते.

उड्डाणे किती पुढची तयार करावीत? सहा ते आठ आठवडे पुरेत. वर्षभराची एकदम तयार केलीत आणि वेळ बदलली, तर साच्यातला बदल आधीच तयार झालेल्या उड्डाणांपर्यंत पोहोचेलच असे नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पोहोचतो का, हे एका चाचणीच्या साच्यावर करून पाहा. विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

हाताशी ठेवायची माहिती

भरायला बसण्याआधी प्रत्येक उड्डाणासाठी एवढे कागदावर हवे:

- विमान प्रत्यक्ष कोणती कंपनी उडवते, आणि उड्डाण क्रमांक
- निघण्याचा आणि पोहोचण्याचा विमानतळ
- आठवड्याचे वार
- निघण्याची व पोहोचण्याची स्थानिक वेळ, आणि पोहोचण्याचा दिवस तोच की दुसरा
- कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू
- विमानाचा प्रकार
- कागदपत्रांचा कट-ऑफ आणि मालाचा कट-ऑफ
- उतरल्यानंतर माल हातात मिळायला लागणारा वेळ
- एअरवे बिलाचे पहिले तीन आकडे

उड्डाण प्रत्यक्ष कोण चालवते, हे मुद्दाम पहिल्या ओळीत घेतले आहे. प्रवासी तिकिटांच्या सोयीसाठी एकाच विमानाला दोन-तीन कंपन्यांचे क्रमांक असतात. बाहेरून घेतलेल्या माहितीत ती तीन वेगळी उड्डाणे म्हणून येतात आणि तुमच्या सॉफ्टवेअरला एकाच विमानात तिप्पट जागा दिसू लागते. विमान उडवणाऱ्या कंपनीचा क्रमांक ठेवा, बाकीचे वगळा.

विमानतळाच्या रकान्यात शहराचे नाव नको, विमानतळाचा तीन अक्षरी कोड हवा. लंडनसाठी एलओएन लिहिलेत तर हीथ्रो, गॅटविक की स्टॅन्स्टेड हे सॉफ्टवेअरला कळत नाही. दुबईत डीएक्सबी आणि डीडब्ल्यूसी असे दोन विमानतळ आहेत. आपल्याकडे गोव्यात दाबोळीचा जीओआय आणि मोप्याचा जीओएक्स. मुंबईच्या बीओएमच्या जोडीला आता नवी मुंबईचा एनएमआय आला आहे. तेथून प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. पुण्याहून निघालेल्या ट्रकला सहारला जायचे की उलव्याला, यात कट-ऑफ चुकण्याइतका फरक पडतो. म्हणून दोन्ही ठिकाणे स्वतंत्र नोंदवा आणि दोघांपर्यंतचा रस्त्याचा वेळही स्वतंत्र भरा. कस्टम्सच्या कागदांवरचा ठिकाणाचा कोड निराळा असतो, जसे सहारच्या एअर कार्गोचा आयएनबीओएम४. तोही त्या ठिकाणाच्या नोंदीत जोडून ठेवा.

कट-ऑफ: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

कामाच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण तीच चूक आजही अनेक जण करतात. युरोपला जाणारे पहाटेचे उड्डाण सोमवारी होते. मी सोमवार भरला, वेळ भरली, कट-ऑफच्या रकान्यात रात्री ८:५० लिहिले आणि दिवसाचा रकाना तसाच ठेवला. सॉफ्टवेअरने कट-ऑफ सोमवारी रात्रीचा धरला आणि नाशिकहून हिरव्या मिरचीचा ट्रक सोमवारी सकाळी काढला. तो सहारला पोहोचला तेव्हा विमान जाऊन कित्येक तास झाले होते. पुढचे विमान बुधवारचे. दोन दिवस त्या पेट्या शेडमध्ये राहिल्या आणि शेतकऱ्याला काय सांगायचे, हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला.

मुंबईहून युरोप आणि अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यामुळे आपल्याकडे ही चूक जास्त होते. तिच्यापासून वाचण्यासाठी प्रत्येक नव्या उड्डाणाची उलटी मोजणी एकदा कागदावर करा. समजा, फ्रँकफुर्टला जाणारे उड्डाण सोमवारी पहाटे २:५० चे आहे. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला:

१. मालाचा कट-ऑफ सहा तास आधी: रविवारी रात्री ८:५०.
२. टर्मिनलच्या दारापासून स्वीकृतीपर्यंत पाच तास: ट्रक रविवारी दुपारी ३:५० ला सहारला हवा.
३. नाशिक ते सहार पाच तास आणि वाहतूक कोंडीसाठी एक तास: ट्रक रविवारी सकाळी ९:५० ला निघायला हवा.
४. भरणी दोन तास: माल रविवारी सकाळी ७:५० ला पॅक होऊन तयार हवा.
५. रोपे, फळे, भाज्यांसाठी लागणारे फायटो प्रमाणपत्र: त्याची तपासणी शनिवारीच उरकायला हवी.

म्हणजे ज्याला आपण “सोमवारचे विमान” म्हणतो, ते पॅकहाउससाठी शनिवारचे काम असते. तुमच्या नियोजनात शनिवार दिसत नसेल, तर वेळापत्रक अजून पुरे झालेले नाही.

कट-ऑफ भरताना पुढच्या गोष्टी सांभाळा.

घड्याळातली वेळ भरू नका, अंतर भरा. “रात्री ८:५०” याऐवजी “निघण्याच्या सहा तास आधी” असे भरता येत असेल तर तसेच भरा. विमानाची वेळ पुढेमागे झाली की कट-ऑफ आपोआप सरकतो आणि तारखेचा गोंधळही टळतो. फक्त घड्याळाचीच वेळ मागणारे सॉफ्टवेअर असेल, तर सोबत “आदला दिवस” हा रकाना असतो. तो रिकामा राहणार नाही याची खात्री करा.

कट-ऑफ कशाचा, हे लेखी विचारा. एका कंपनीचा कट-ऑफ म्हणजे ट्रक टर्मिनलच्या दारात आलेला हवा. दुसरीचा म्हणजे कस्टम्सची लेट एक्स्पोर्ट ऑर्डर मिळून, एक्स-रे होऊन, वजन करून माल स्वीकारलेला हवा. दोघीही “सहा तास” म्हणतात आणि प्रत्यक्षात चार तासांचा फरक पडतो. विमान कंपनीच्या कार्गो विभागाला ई-मेल करा: “तुम्ही सांगितलेल्या वेळेपर्यंत नेमके काय पूर्ण झालेले हवे?” आलेले उत्तर जपून ठेवा.

मालाच्या प्रकारानुसार कट-ऑफ वेगळा असतो. नाशवंत माल थोडा उशिरा घेतला जाऊ शकतो. धोकादायक मालाला जास्त आधी यावे लागते, कारण त्याची कागदपत्रे तपासायला वेळ लागतो. विमान कंपनीने आधीच बांधून आणायला सांगितलेल्या पॅलेटचा नियम आणखी निराळा. सगळ्यांसाठी एकच आकडा ठेवायची वेळ आली तर सर्वांत कडक आकडा ठेवा.

रस्त्याच्या वेळा मनाने भरू नका. कसाऱ्याचा घाट, भिवंडीचा पट्टा आणि मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना असलेली बंदी, ही तिन्ही नियोजनात यायला हवीत. तुमच्याच ट्रकांच्या गेल्या महिन्यातल्या वेळा पाहा. सरासरी घेऊ नका. दहापैकी नऊ ट्रक ज्या वेळेत पोहोचले ती वेळ घ्या. सरासरीवर आखलेल्या नियोजनात जवळजवळ निम्मे ट्रक उशिरा पोहोचतात, हे लक्षात असू द्या.

वेळ, वार आणि तारीख

विमान कंपनीच्या वेळापत्रकात दोन्ही वेळा स्थानिक असतात. निघण्याची वेळ निघणाऱ्या गावाची, पोहोचण्याची पोहोचणाऱ्या गावाची. तुम्ही त्या तशाच भरायच्या. रूपांतर सॉफ्टवेअरने करायचे. त्यासाठी प्रत्येक विमानतळाच्या नोंदीत त्याचा वेळ-विभाग नावाने असायला हवा. “अधिक एक तास” असा नुसता आकडा ठेवलात तर युरोपात घड्याळे बदलली की हिशेब चुकतो.

भारताचे घड्याळ वर्षभर एकच असते, जर्मनीचे नसते. हिवाळ्यात मुंबई आणि फ्रँकफुर्ट यांच्यात साडेचार तासांचे अंतर असते, उन्हाळ्यात साडेतीन तासांचे. लंडनशी हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. दुबईत घड्याळ बदलत नाही, तिथे कायम दीड तास.

यातून एक साधी चाचणी मिळते आणि ती मी प्रत्येक नव्या वेळापत्रकाला लावतो. वरचे फ्रँकफुर्टचे उड्डाण हिवाळ्यात २:५० ला निघून तिथल्या ७:४० ला पोहोचते असे धरा. घड्याळातला फरक ४ तास ५० मिनिटे, त्यात साडेचार तास मिळवा: हवेतला वेळ ९ तास २० मिनिटे. उन्हाळ्यात निघण्याची वेळ तीच राहिली, तर पोहोचण्याची वेळ ८:४० दिसायला हवी आणि हवेतला वेळ तोच निघायला हवा. सॉफ्टवेअर दाखवत असलेला प्रवासकाळ दोन हंगामांत बरोबर एका तासाने वेगळा येत असेल, तर वेळ-विभागाची नोंद चुकली आहे किंवा जुनी वेळ तशीच राहिली आहे.

पोहोचण्याच्या दिवसाचा रकानाही तपासा. पश्चिमेकडे पहाटे निघालेले विमान त्याच तारखेला पोहोचते. पूर्वेकडे रात्री निघालेले दुसऱ्या दिवशी. मुंबईहून रात्री ११:३० ला निघून साडेपाच तास उडणारे विमान सिंगापूरला तिथल्या सकाळी ७:३० ला उतरते, पण तारीख पुढची असते. तिथे “अधिक एक दिवस” भरले नाही, तर सॉफ्टवेअरला विमान निघण्याआधीच पोहोचलेले दिसते. काही सॉफ्टवेअर अशी नोंद नाकारतात, काही मुकाट्याने स्वीकारतात.

वारांच्या आकड्यांबाबत सावध राहा. विमान वाहतुकीच्या पद्धतीत सोमवार १ आणि रविवार ७. एक्सेलमधले वार काढणारे सूत्र मात्र, वेगळे सांगितले नाही तर, रविवारला १ धरते. सूत्राने वार काढून फाइल चढवलीत तर सगळी उड्डाणे एक दिवस सरकतात. बाहेरून येणारी माहिती जागतिक प्रमाणवेळेत असेल, तर आणखी एक सापळा असतो. आपल्याकडचे सोमवार पहाट २:५० म्हणजे तिथे रविवार रात्री ९:२०. त्यामुळे त्या फाइलमध्ये वार ७ दिसतो. तो चुकीचा समजून “दुरुस्त” करू नका, आधी फाइल कोणत्या वेळेत आहे ते पाहा.

एक्सेलचे उरलेले दोन घोटाळे इथेच सांगतो. “१-३-५” असे वार लिहिले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. आणि लुफ्तान्साच्या एअरवे बिलाचे ०२० किंवा एअर इंडियाचे ०९८ लिहिले की पुढचे शून्य खाते. हे स्तंभ आधी मजकूर म्हणून ठरवा, मगच भरा.

हंगाम बदलताना

विमान कंपन्यांचे वर्ष दोन हंगामांचे असते. उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. २०२६ चा उन्हाळी हंगाम २९ मार्च ते २४ ऑक्टोबर, त्यापुढचा हिवाळी २५ ऑक्टोबर २०२६ ते २७ मार्च २०२७. कोणताही साचा या सीमेपलीकडे लागू ठेवू नका. “शेवटची तारीख ३१ डिसेंबर ९९९९” असे भरण्याची सवय अनेकांना असते. किमती, ग्राहक, गोदामे यांच्यासाठी ती चालते, उड्डाणांसाठी ती घातक आहे. तारीख संपल्यावर उड्डाण दिसेनासे झाले तर कोणीतरी चौकशी करते. जुनी वेळ दिसत राहिली तर कोणी करत नाही.

अमेरिकेकडे माल पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक पदर आहे. तिथे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. २०२६ मध्ये म्हणजे ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. मार्चमधले तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा न्यूयॉर्कचे घड्याळ बदललेल्या हिशेबात असते किंवा बदलायचे राहिलेले असते, आणि हंगाम मात्र त्याच्याशी जुळत नाही. त्या काळासाठी विमान कंपनी वेळा बदलते का ते विचारा आणि बदलत असेल तर त्या तारखांचा स्वतंत्र साचा करा.

हंगामबदलाचे काम असे करा:

- सहा आठवडे आधी प्रत्येक विमान कंपनीकडे नव्या वेळा मागा.
- जुना साचा बदलू नका. त्याची शेवटची तारीख भरून बंद करा आणि नवा साचा उघडा. जुन्या खेपांचा इतिहास शाबूत राहतो.
- सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आठवड्यांतली प्रत्यक्ष उड्डाणे एकेक करून तपासा. एकाच दिवशी जुने आणि नवे, दोन्ही दिसत असतील तर तारखा एकमेकींवर चढल्या आहेत.

आंब्याचा माल पाठवणाऱ्यांनी मार्चअखेरचा हा बदल विशेष जपावा. हंगामातली पहिली मोठी खेप आणि वेळापत्रकाचा बदल नेमके एकाच सुमारास येतात.

विमान कोणते आणि जागा किती

विमानाचा प्रकार भरणे अनेक जण टाळतात, पण पेटी विमानात मावेल की नाही हे त्यावरच ठरते. रुंद प्रवासी विमानाच्या पोटात साधारण १६० सेंटिमीटर उंचीपर्यंतचा माल जातो, अरुंद विमानात त्याहून बराच कमी. त्याहून उंच यंत्रासाठी मालवाहू विमान लागते. उंचीची मर्यादा भरली नाही, तर सॉफ्टवेअर दोन मीटर उंचीचे खोके बिनदिक्कत प्रवासी विमानात बसवते.

जागेच्या रकान्यात विमानाची पूर्ण क्षमता भरू नका. तुम्हाला विमान कंपनीने ठरवून दिलेली जागा भरा. ठरलेली जागा नसेल तर रकाना रिकामा ठेवून प्रत्येक खेपेला बुकिंगची खात्री घेणे बरे. वजनासोबत आकारमानाचे वजनही लागू करा: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायचे. १२० बाय ८० बाय १०० चा पॅलेट १६० किलो धरला जातो, मग त्यात थर्माकोलच्या पेट्यांतली नव्वद किलो फुले का असेनात.

जोड-उड्डाणे

वाटेत विमान बदलत असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा भरा आणि मधल्या विमानतळावर किमान किती वेळ लागतो ते ठरवा. प्रवाशांसाठी दिलेला किमान वेळ इथे चालत नाही. माल उतरवणे, पॅलेट फोडणे, पुन्हा बांधणे यात कित्येक तास जातात. दोन वेगळ्या कंपन्यांची विमाने असतील तर आणखी. हा आकडा विमान कंपनीकडूनच घ्या. युरोपात उड्डाण क्रमांक असलेले काही टप्पे प्रत्यक्षात ट्रकने पार होतात. ते ट्रक म्हणूनच नोंदवा, नाहीतर औषधांसारख्या तापमान जपायच्या मालाचे नियोजन चुकते.

शेवटच्या विमानतळावरही तीच काळजी. विमान उतरले म्हणजे माल मिळाला असे नव्हे. घरपोच टप्पा माल उपलब्ध होण्याच्या वेळेपासून सुरू करा, उतरण्याच्या वेळेपासून नको.

बदल कोण नोंदवणार

वेळापत्रकाची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर ठेवा आणि तिच्या रजेसाठी दुसरी ठरवा. “सगळे मिळून पाहतात” अशी व्यवस्था असलेल्या कार्यालयात कोणीच पाहत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या व्यक्तीसाठी नियम थोडकेच ठेवा:

- एका दिवसापुरता बदल त्या दिवसाच्या उड्डाणावर करायचा, साच्यावर नाही.
- कायमचा बदल साच्यावर करायचा आणि पुढची उड्डाणे पुन्हा तयार करायची.
- रद्द झालेले उड्डाण पुसायचे नाही, “रद्द” अशी खूण करायची. त्यावर आधीच बुकिंग असेल तर पुसल्यावर ते लोंबकळत राहते.
- प्रत्येक बदलासोबत तो कोणी, कधी, कशाच्या आधारे कळवला ते लिहायचे.

सुरू करण्याआधीची चाचणी

खऱ्या ग्राहकाचा माल लावण्याआधी एक दिवस यासाठी काढा. सॉफ्टवेअरला या पाच गोष्टी विचारा आणि उत्तर आधी कागदावर काढून ठेवा:

१. सोमवार पहाटेच्या विमानासाठी ट्रक कधी निघतो? रविवार यायला हवा.
२. कट-ऑफनंतर दहा मिनिटांनी पोहोचणाऱ्या मालाला तेच विमान मिळते का? मिळता कामा नये.
३. हंगामाच्या शेवटच्या आणि पहिल्या दिवशी प्रत्येकी किती उड्डाणे दिसतात?
४. दोन मीटर उंचीची पेटी प्रवासी विमानात बसते का?
५. एक उड्डाण रद्द केले तर त्यावरच्या बुकिंगची सूचना कोणाला जाते?

दुसऱ्या प्रश्नात नापास झालेली सॉफ्टवेअर मी पुष्कळ पाहिली आहेत. कट-ऑफ भरलेला असतो, पण नियोजनाने तो पाळावा अशी खूणच केलेली नसते.

तुमचे हक्क

तुमच्या सॉफ्टवेअरमधले वेळापत्रक हे विमान कंपनीचे वचन नव्हे. एअरवे बिलावरच्या प्रमाणित अटींनुसार वाहतूक पूर्ण करण्याची ठरावीक वेळ सहसा बांधून दिलेली नसते आणि कंपनी विमान किंवा वाहक बदलू शकते. त्यामुळे ग्राहकाला पाठवायच्या कागदावर सॉफ्टवेअरमधली पोहोचण्याची वेळ “अपेक्षित” म्हणूनच छापली जाईल अशी व्यवस्था करा. अपेक्षित हा शब्द गळला की ते वचन तुमचे होते. बुकिंग पक्के आहे की प्रतीक्षेत, हाही स्वतंत्र रकाना हवा. वेळापत्रकात उड्डाण असणे म्हणजे जागा मिळालेली असणे नव्हे.

म्हणून नुकसान सोसून गप्प बसायचे असे मात्र नाही. आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतुकीसाठी १९९९ चा माँट्रियल करार आहे. भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला आणि आपल्याकडे तो १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यातून लागू होतो. त्यानुसार:

- माल खराब झाला असेल तर लक्षात येताच, आणि उशिरात उशिरा माल मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार करायची.
- उशीर झाला असेल तर माल ताब्यात दिला गेल्यापासून २१ दिवसांत.
- दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षे.
- भरपाईची मर्यादा किलोमागे ठरलेली असते. करारातली ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे. मालाची किंमत त्याहून बरीच जास्त असेल तर माल देतानाच किंमत जाहीर करून जादा आकार भरण्याची सोय असते. विमा वेगळा काढणे बहुधा स्वस्त पडते.
- उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळे केले होते, असे विमान कंपनीने सिद्ध केले तर उशिराची भरपाई मिळत नाही.

मुख्य एअरवे बिलावर पाठवणारा म्हणून फॉरवर्डरचे नाव असेल तर विमान कंपनीकडे तक्रार त्याने करायची. निर्यातदाराने आपली तक्रार फॉरवर्डरकडे नोंदवायची. एकमेकांची वाट पाहण्यात १४ दिवस निघून जातात, म्हणून दोघांनीही त्याच दिवशी लिहावे. तक्रार न करता माल स्वीकारला, तर तो चांगल्या स्थितीत मिळाला असे प्रथमदर्शनी धरले जाते. परदेशातल्या घेणाऱ्याला हे आधीच कळवून ठेवा. पेट्या ओल्या किंवा दबलेल्या दिसल्या तर सही करतानाच पावतीवर तसा शेरा मारायला सांगा.

सॉफ्टवेअर विक्रेत्याकडूनही काही गोष्टी करारात लिहून घ्या. वेळापत्रके आणि जुन्या खेपांच्या नोंदी हव्या तेव्हा एक्सेलमध्ये बाहेर काढता आल्या पाहिजेत. घड्याळबदलाच्या नियमांची सुधारणा कोण आणि किती दिवसांत करणार, हे ठरलेले असावे. आणि प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे कोणी, कधी, आधी काय होते आणि नंतर काय झाले, किमान दोन वर्षे जपलेली असावी. दाव्याची मुदत तेवढीच आहे. बुकिंगच्या दिवशी वेळापत्रकात कोणती वेळ होती आणि ती कधी बदलली, हे दाखवायची वेळ आली की दुसरा पुरावा तुमच्याजवळ नसतो.